ओझे कोणाच्या फुफ्फुसांवर?

मोटारीच्या मागे चाकांवरची खोली जोडायची, तीत अंथरूण-पांघरूण आणि शेगडी भरायची आणि मुलाबाळांसह डोंगर नाहीतर समुद्र गाठायचा, ही ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्समधील असंख्य कुटुंबांची सुटीची रीत आहे. या खोलीला कॅराव्हॅन म्हणतात. तिचे वजन टन-दीड टन भरते. ती ओढायची तर मोटार डिझेलचीच हवी, असे गणित तिथे वर्षानुवर्षे पक्के होते. आता ते बिघडले आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. ब्रिटनने २०३० पासून केवळ पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री थांबवण्याचे ठरवले आहे. त्यामुळे ‘निदान ओझे ओढणाऱ्यांना तरी डिझेल राहू द्या’ असा सूर निघू लागला आहे. त्यातील अडचण खरी आहे, पण मागणी चुकीची आहे.

डिझेल स्वस्त वाटते, कारण त्याची पूर्ण किंमत पंपावर चुकवली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. २०१२ मध्ये ‘बहुधा’ हा शब्द गेला आणि हा धूर तंबाखू व अॅस्बेस्टॉसच्या पंक्तीत जाऊन बसला. या धुरातील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांच्या अस्तराला सूज आणतो, दम्याच्या रुग्णाचा त्रास त्याने बळावतो.

हे धोरणकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. डिझेलची मोटार किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड कमी सोडते, म्हणून ब्रिटनने २००१ मध्ये करांची रचना तिला अनुकूल केली. पुढे तिथल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या डिझेलच्या झाल्या. हवामानाचा विचार झाला, फुफ्फुसांचा राहून गेला. त्यावर कडी म्हणजे चाचणी चालू असतानाच धूर कमी दाखवणारी फोक्सवॅगनची लबाडी २०१५ मध्ये उघड झाली. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ती प्रणाली बसवलेली होती. लंडनमधील वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये तीव्र दम्याने दगावली. तिच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत होती, असा निर्णय २०२० मध्ये चौकशीअंती देण्यात आला. मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची अशी नोंद ब्रिटनमध्ये प्रथमच झाली. अलीकडच्या डिझेल मोटारी जुन्यांपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत, हे मान्य करायला हवे. पण जुन्या मोटारी रस्त्यावरून एका दिवसात जात नाहीत.

आता अडचणीकडे वळू. विजेच्या मोटारीत ताकद कमी असते हा समज खोटा आहे. तिची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, घाट उतरताना वेग आवरत थोडी वीज परतही मिळवते. बॅटरीमुळे ती जड असते आणि जड मोटारीमागे कॅराव्हॅन कमी हेलकावते. प्रश्न साठ्याचा आहे. ८० युनिटच्या बॅटरीत जेमतेम आठ लिटर डिझेलइतकी ऊर्जा मावते. विजेची मोटर ती फार काटकसरीने वापरते, म्हणून एरवी भागते. पण मागे कॅराव्हॅन लागली की पल्ला जवळपास निम्म्यावर येतो. डिझेल मोटारीचा खर्चही अशा वेळी वाढतोच, फक्त साठ लिटरच्या टाकीत तो चटकन जाणवत नाही.

सपाट रस्त्यावर ही वीज खाते ती मुख्यतः हवा. सव्वादोन मीटर रुंद, अडीच मीटर उंच अशी भिंतच मोटार ओढत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेले की तो एक तृतीयांशाहून अधिक घटतो. थोडे सावकाश जाणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो अपघातही टाळतो. दुसरा उपाय बांधणीचा. कॅराव्हॅनला स्वतःची बॅटरी आणि मोटर दिली तर ओढणाऱ्या मोटारीवरचा भार हलका होतो. एका जर्मन कंपनीने २०२१ मध्ये अशी कॅराव्हॅन मध्ये कुठेही चार्ज न करता आल्प्स ओलांडून साडेतीनशे किलोमीटरहून दूर इटलीत नेली होती. तिसरा उपाय जागेचा. बहुतेक चार्जिंगच्या जागा एका मोटारीपुरत्या आखलेल्या असतात. तिथे कॅराव्हॅन सोडवायची, चार्ज करायचे, पुन्हा जोडायची, यात सुटीचा जीव जातो. एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडता येईल अशा लांब जागा आखणे हे काही मोठे विज्ञान नव्हे.

हा सगळा प्रश्न दूरच्या, सुखवस्तू लोकांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. इथे डिझेलचा धोका प्रवासापेक्षा मुक्कामाला अधिक. रात्रभर वातानुकूलनासाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवला की कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि ती झोप मोडतेच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत आढळले. जनरेटरचा हाच वायू आत शिरल्याचे तपासात दिसले.

युरोपला जुनी व्यवस्था मोडून नवी उभारावी लागते आहे. आपल्याकडे पाटी बरीचशी कोरी आहे. मुक्कामाच्या प्रत्येक जागी विजेची जोडणी, जनरेटरला मनाई, वाहनात वायूची सूचना देणारे यंत्र आणि लांब वाहनांसाठी चार्जिंगची जागा, या चार अटी परवान्यातच घातल्या तर फारसा जादा खर्च नाही. आज तो वाचवला तर उद्या त्याचे बिल रुग्णालयात भरावे लागेल, आणि ते भरणारे बहुधा सहलीला गेलेलेच नसतील.