खडक येथला, दफ्तर कोठले?

वऱ्हाडच्या पठारावर, मग ते वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीचे शिवार असो की शेजारच्या एखाद्या तांड्याचे, विहीर खणावयास घेतली म्हणजे काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली सच्छिद्र मांजऱ्या खडक लागतो, त्याखाली सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण लागतो, आणि पुष्कळदा एका पाषाणाचा थर संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी विटकरी रंगाचा एक मऊ पट्टा लागतो, ज्याच्याकडे विहीर खणणारा पाणी मिळेल की नाही एवढ्याच एका चिंतेने पाहतो. हा तांबडा पट्टा म्हणजे लाव्हाचा एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या विरामात झिजून तयार झालेली माती होय. सह्याद्रीतील अशाच पट्ट्यांत ज्वालामुखींच्या राखेबरोबर येऊन पडलेले झिरकॉनचे सूक्ष्म कण निवडून, त्यांतील युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून, अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन व त्यांचे सहकारी यांनी दख्खनच्या लाव्हाचा कालक्रम निश्चित केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर लोझानच्या थिअरी अदात यांच्याबरोबर अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री यांचेही नाव आहे. त्याच अंकात कोर्टनी स्प्रेन व पॉल रेने यांच्या पथकाने अरगॉन वायूच्या पद्धतीने काढलेला दुसरा कालक्रम छापून आला, आणि त्या पथकात पवईच्या आयआयटीचे कांचन पांडे होते. दोन्ही पथके सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास येऊन पोहोचतात. परंतु डायनोसॉरांचा अंत झाला त्या क्षणाच्या आधी लाव्हाचा मोठा उद्रेक झाला की सुमारे तीनचतुर्थांश लाव्हा त्यानंतर बाहेर पडला, याविषयी त्यांचे एकमत नाही. मतभेद असतानाही दोघांनी आपापली मापे एकमेकांना तपासण्यास खुली ठेवली, आणि ज्या प्रश्नाकडे सारे जग डोळे लावून बसले आहे त्याच्या उत्तरात अमरावती व पवई यांचा वाटा आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

खडकाला सरहद्द ठाऊक नसते, हे भूशास्त्रज्ञांनी इतरांच्या आधी ओळखले. १८७८ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय काँग्रेस भरली, १८८१ साली बोलोन्याच्या दुसऱ्या अधिवेशनात युरोपचा एकत्रित भूशास्त्रीय नकाशा करण्याचे ठरले, १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघाची स्थापना झाली आणि १९७२ पासून युनेस्कोच्या साहाय्याने देशोदेशींच्या थरांचा परस्परसंबंध जुळविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आशिया खंडातील पहिली काँग्रेस १९६४ साली नवी दिल्लीस भरली. छत्तिसावी पुन्हा दिल्लीस २०२० मध्ये व्हावयाची होती. महामारीमुळे ती मार्च २०२२ मध्ये दूरस्थ रीतीने उरकावी लागली, आणि देशोदेशींच्या अभ्यासकांना दख्खनचा पाषाण प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची जी संधी मिळाली असती ती हुकली. चित्रफलकावर व्याख्यान ऐकता येते, खडक फोडून पाहता येत नाही.

या सहकार्याच्या बाजूने आम्ही आहोत, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मागण्याचा आमचा हक्क आहे असे आम्ही मानतो. इंग्रजी अंमलात जे चालले त्याला सहकार्य म्हणता येणार नाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्या शतकाच्या आदल्या शतकात टाकळी, सीताबर्डी आणि चांदा (आजचे चंद्रपूर) भागात जे जीवाश्म जमविले ते त्यांच्या अभ्यासू वृत्तीचे व परिश्रमांचे फळ होते, याविषयी वाद नाही. पण मांगली या गावी सापडलेल्या उभयचराच्या कवटीचे वर्णन १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये केले, तिला ‘ब्राकिऑप्स’ असे नाव दिले, आणि ती कवटी लंडनच्या संग्रहालयातच राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला आपल्या मुलखात कोट्यवधी वर्षांपूर्वी कोणता प्राणी वावरत होता हे पाहावयाचे असेल तर त्याने सातासमुद्रापलीकडे जावे, अशी ही व्यवस्था. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणेल. आज तो आहे.

लोणारचे उदाहरण या दृष्टीने दोन अंगांनी बोलके आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली स्मिथसोनियन संस्थेचे कुर्ट फ्रेडरिकसन, अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे व बालसुंदरम् यांनी संयुक्त निबंध लिहून, आघाताच्या दाबाने काचरूप झालेल्या खनिजांच्या पुराव्यावर, हे विवर बेसाल्ट खडकात झालेल्या उल्काघातानेच निर्माण झाले असे सिद्ध केले. दोन देशांच्या तीन संस्था एकत्र बसल्या, आणि जेथला खडक तेथल्या संस्थेचे नाव त्या निर्णयावर राहिले. पुढे विवराचे वय काढण्याचा प्रश्न आला. १९९७ सालच्या मोजणीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरले होते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ऑस्ट्रिया येथील अभ्यासकांनी अरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे दाखविले. शोध महत्त्वाचा आहे, त्यांची पद्धत कसोशीची आहे, परंतु त्या निबंधाच्या चार लेखकांत एकही भारतीय नाव नाही. वय दसपटीहून अधिक बदलले आणि ज्यांच्या तालुक्यात ते विवर आहे त्यांच्या विद्यापीठाचे नाव त्या निर्णयावर नाही, अशी स्थिती पुन्हा येऊ नये. दोष त्या शास्त्रज्ञांचा नव्हे. आम्ही कोणतीही अट घातली नव्हती, तर त्यांनी ती पाळावी कशी?

याच्या उलट कोयनेकडे पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर हादरले, तेव्हापासून शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरात भूकंपांची मालिका सुरूच आहे, आणि जलाशयाशी निगडित भूकंपांचा अभ्यास करण्यास जगात याहून योग्य जागा क्वचितच असेल. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वेधन कार्यक्रमाच्या सहकार्याने देशोदेशींचे तज्ज्ञ या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. त्यानंतर केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली, बेसाल्ट भेदून तळाच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत जाणारी अनेक छिद्रे घेतली, आणि २०१७ पर्यंत गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण केले. त्या छिद्रांतून निघालेले खडकांचे लांबलचक गाभे कऱ्हाडातच जतन केले जातात. बाहेरच्या अभ्यासकाला ते पाहावयाचे असतील तर त्याला येथे यावे लागते, येथल्या तरुण संशोधकांबरोबर बसावे लागते, आणि त्या बसण्यातून जे शिक्षण होते ते पत्रव्यवहाराने होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली, त्या भागाला त्या दिवसापर्यंत भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजले जात होते. बेसाल्टच्या आच्छादनाखाली काय दडले आहे याचे ज्ञान तेव्हा किती तुटपुंजे होते हे आठवले म्हणजे कऱ्हाडच्या त्या गाभ्यांचे मोल ध्यानात येते.

आता कायद्याकडे वळू. लोणारच्या पाण्यातील सूक्ष्मजीव संशोधनासाठी नेऊ इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला जैवविविधता कायदा, २००२ अन्वये चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. मात्र अभयारण्याच्या किंवा संरक्षित स्मारकाच्या हद्दीबाहेर, एखाद्या ओढ्याकाठचा खडक वा त्यातील जीवाश्म उचलून नेण्यासंबंधी तसा सर्वंकष कायदा नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. जगभर युनेस्कोची भूउद्याने उभी राहत असताना भारतात एकही नाही, यालाही ही दिरंगाईच बव्हंशी जबाबदार आहे असे आमचे मत आहे. तथापि त्या मसुद्यातील सारी सत्ता केंद्रीय खात्याच्या हाती एकवटण्याचा जो कल दिसला तोही आम्हांस मान्य नाही. परवानगी देणारा दिल्लीत आणि अभ्यास करणारा ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये, अशी रचना झाली तर वाशिमच्या खडकावर वाशिमचा हक्क पूर्वी होता तितकाच नंतर राहील.

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे परमश्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास रामनवमीला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, कर्नाटक, आंध्र येथून लाखो भाविक येतात. या समाजाच्या पूर्वजांनी लदेणीच्या बैलांवर वऱ्हाडचे धान्य व कापूस किनाऱ्याकडे नेला आणि येताना त्याच बैलांवर मीठ आणले. रिकामी पाठ घेऊन परतणे तांड्याच्या कोणत्याही नायकाला परवडत नसे. भूशास्त्रीय सहकार्याकडून आमची मागणी नेमकी तेवढीच आहे. नमुना येथून जावा, पण त्याची जोडप्रत अमरावती विद्यापीठात राहावी. मोजमापे परदेशी प्रयोगशाळेत व्हावीत, पण त्यांचे आकडे आणि मराठीतील सारांश जिल्ह्याच्या ठिकाणी जमा व्हावा. लाव्हाच्या लोटांचा जो क्रम जगाच्या इतिहासासाठी मोजला जातो, त्याच्याशीच येथल्या पाण्याचा संबंध आहे: सच्छिद्र मांजऱ्यात व भेगाळलेल्या पाषाणात पाणी साठते, अखंड काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसते, आणि तांबडा पट्टा त्याला वरून खाली झिरपू देत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्या नोंदी आणि संशोधकांनी आखलेले लोटांचे नकाशे एका दफ्तरात आले, तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तांड्याला विहीर कोठे खणावी हे आजच्यापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले आहे. त्याच्या आवारात या भूमीच्या थरांचा एक खराखुरा छेद, थराथरांच्या नावांसह आणि वयांसह, उभारण्यास फार मोठा खर्च येणार नाही, आणि रामनवमीला जितकी माणसे तो पाहतील तितकी एखाद्या शास्त्रीय अधिवेशनात कधीही जमणार नाहीत.

अडतिसावी काँग्रेस २०२८ साली कॅनडातील कॅलगरी येथे भरावयाची आहे. नमुने व नोंदी मूळ प्रदेशात ठेवण्यासंबंधीचा ठराव भारतीय शिष्टमंडळाने तेथे मांडावा, आणि तो मांडताना आपल्या घरची व्यवस्था दाखविता यावी म्हणून अमरावतीस खडकांच्या नमुन्यांचा सार्वजनिक कोश उभारण्याची तरतूद राज्य शासनाने येत्या अर्थसंकल्पातच करावी.