विंधनछिद्र पाडले, पण वाचले किती?

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणारी रेल्वे वैनगंगा ओलांडते तेव्हा चंद्रपूर जिल्हा मागे पडतो आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याचा होता. नदीच्या दोन्ही काठांना आजही दृश्य तेच आहे: धानाच्या बांध्या, बोड्या, मामा तलाव आणि त्यांच्यामागे जंगल. भूगर्भाची वाटणी मात्र अशी सारखी झालेली नाही. पश्चिमेला वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा आहे, राजुरा-कोरपन्याकडे चुनखडी आहे आणि दूर आग्नेयेला एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे. हे धन किती आहे, याची चर्चा नेहमी होते. ते कोणत्या प्रतीचे आहे आणि ती प्रत कोणी, कशी ठरवली, याची चर्चा फारशी होत नाही. वास्तविक शासनाचे उत्पन्न, वीजनिर्मितीचा खर्च आणि जंगलाचे भवितव्य या तिन्ही गोष्टी या दुसऱ्या प्रश्नाशी बांधलेल्या आहेत.

खनिजाचा शोध घेण्याची रूढ पद्धत सर्वपरिचित आहे. यंत्राने जमिनीत खोल छिद्र पाडावयाचे, आतून खडकाचा दंडगोल गाभा काढावयाचा, तो पेटीत क्रमाने मांडावयाचा आणि त्याचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवावयाचे. हा गाभा जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचा असतो. खडक भक्कम असेल तर तो सलग हाती येतो. ठिसूळ कोळसा किंवा भुसभुशीत लोहखनिज असेल तर नेमका महत्त्वाचा भागच चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. मग थराची जाडी अंदाजाने लिहिली जाते, आणि अंदाज करणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी अंदाज हा अंदाजच राहतो.

या उणिवेवर उपाय म्हणून अणुविज्ञानाचा आधार घेतला गेला. फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे १९२७ साली श्लुम्बर्जर यांच्या चमूने तेलविहिरीत विद्युत मापन केले, त्यातून छिद्रातील खडकाची ‘नोंद’ घेण्याचे शास्त्र जन्मास आले. पुढे फेर्मी यांचे शिष्य ब्रूनो पोंतेकोर्व्हो यांनी अमेरिकेतील टल्सा येथे १९४१ साली न्यूट्रॉनचा उपयोग त्यासाठी करून दाखविला. कल्पना समजण्यास कठीण नाही. छिद्रात तारेला बांधून एक नळी सोडतात; तिच्या एका टोकाला न्यूट्रॉन बाहेर टाकणारा स्रोत असतो, काही अंतरावर गॅमा किरण मोजणारे यंत्र असते. न्यूट्रॉन भोवतालच्या खडकात शिरतात, अणूंवर आपटून मंदावतात आणि अखेर एखाद्या अणुकेंद्रात सामावले जातात. त्या क्षणी ते केंद्र गॅमा किरण बाहेर टाकते, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची ऊर्जा ठरलेली असते. लोहाची सुमारे ७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कॅल्शियमची ६.४, सिलिकॉनची ४.९. अॅल्युमिनियम किंचित वेगळे वागते. न्यूट्रॉन गिळल्यावर ते काही काळ किरणोत्सर्गी होते आणि त्याची किरणशक्ती सव्वादोन मिनिटांत निम्मी होते. या सर्व खुणा वेगळ्या काढल्या की गाभा वर न आणताही त्या खोलीवर लोह किती, वाळूचा अंश किती, चुना किती, हे सांगता येते. शिवाय पाच सेंटिमीटरच्या काडीऐवजी छिद्राभोवतीचा कित्येक पट मोठा खडक एकाच वेळी मोजला जातो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेने तेलाच्या क्षेत्रातील ही विद्या कोळसा व लोखंड यांच्या छिद्रांसाठी वळवून घेतली.

अर्थात हे यंत्र म्हणजे परीस नव्हे. छिद्रात पाणी किती, त्याचा व्यास किती, आत पोलादी नळ बसविला आहे काय, यावर मापन अवलंबून असते. पोलादी नळातून लोहखनिज मोजू पाहणे म्हणजे चष्म्यावर काजळी लावून वाचन करण्यासारखे आहे. त्या त्या प्रदेशातील गाभ्यांशी ताडून पाहिल्याखेरीज कोणतेही आकडे विश्वासार्ह ठरत नाहीत. म्हणून गाभा काढणे बंद करा, असे कोणी जाणकार म्हणणार नाही.

कोळशाचे उदाहरण घेतल्यास या मापनाचे आर्थिक मोल ध्यानात येते. कोळशाची घनता दगड-मातीच्या घनतेहून बरीच कमी असते. राखेचा अंश वाढला की घनता वाढते. गॅमा किरणांनी घनता मोजली की थराच्या प्रत्येक वितीत राख किती, याचा चांगला अदमास मिळतो. १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर ठरते आणि किंमत प्रतीवर. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. तेथे येणाऱ्या कोळशाची कागदावरची प्रत आणि भट्टीतली प्रत यांत तफावत पडली, तर तिचा भार शेवटी वीज ग्राहकाच्या देयकात येतो, राखेचा ढीग मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. खाण कंपन्या व वीज कंपन्या यांच्यात प्रतीवरून होणारे तंटे नवे नाहीत, त्यासाठी तिसऱ्या पक्षाकडून नमुने तपासण्याची व्यवस्था करावी लागली. थर फोडण्यापूर्वीची विश्वसनीय नोंद हाताशी असेल तर त्या तंट्याला निदान एक आधारभूत कागद मिळतो.

लोहखनिजाच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक तीव्र होतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जातात. स्वामित्वधन काय किंवा लिलावातील शासनाचा हिस्सा काय, दोन्ही भारतीय खाण ब्यूरो जाहीर करीत असलेल्या सरासरी विक्री किमतीवर आकारले जातात आणि ती किंमत लोहाच्या टक्केवारीनुसार बदलते. म्हणजे प्रयोगशाळेतला एक आकडा खाली सरकला की सरकारी तिजोरीतली रक्कम खाली सरकते. विकणाऱ्याला आपल्या मालाची प्रत ठाऊक नसेल आणि घेणाऱ्याला ती ठाऊक असेल, तर सौदा कोणाच्या बाजूला झुकतो, हे बाजारात धान विकणाऱ्या शेतकऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून कळते. येथे विकणारा म्हणजे शासन, पर्यायाने जनता आहे. लिलावापूर्वीच्या अन्वेषणावर खर्च करण्यात हात आखडता घेणे ही म्हणूनच काटकसर ठरत नाही. त्या खर्चासाठी स्वामित्वधनाच्या दोन टक्के रक्कम राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यासाकडे वळती करण्याची तरतूद २०१५ साली झाली, २०२५ मध्ये ती तीन टक्के झाली. पैसा नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही. मनुष्यबळाची सबब तर विदर्भात मुळीच चालू नये. खाण ब्यूरो, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि १९७२ साली स्थापन झालेले केंद्राचे खनिज अन्वेषण महामंडळ या तिघांची मुख्यालये नागपुरात आहेत.

जंगलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. दाट जंगलात एक छिद्र पाडावयाचे म्हणजे यंत्र नेण्यापुरता रस्ता, पाण्याची सोय, काही झाडांची तोड हे ओघाने आलेच. तेव्हा थोडी छिद्रे आणि प्रत्येक छिद्राचे पूर्ण वाचन, हे धोरण जंगलाच्या हिताचे आहे. यावर असा आक्षेप येतो की छिद्राच्या मागोमाग खाण येते. आधी मोजायला येतात, मग खणायला. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. तरीही चिमूर तालुक्यातील बंदर कोळसापट्ट्याचे उदाहरण पाहावे. ताडोबाच्या शेजारचा हा पट्टा लिलावाच्या यादीत आला होता. वाघांच्या संचारमार्गामुळे २०२० साली तो वगळण्यात आला. निर्णय योग्यच होता. परंतु आपण काय सोडून दिले, याचा आकडा जितका पक्का असेल तितका असा निर्णय पुढच्या सरकारला उलटविणे अवघड जाते. ‘खाली अमाप संपत्ती आहे’ ही हाकाटी मोजमाप नसते तेथेच सर्वांत मोठी असते.

धोक्याचाही विचार केला पाहिजे. या नळ्यांत अमेरिशियम-बेरिलियम किंवा सीझियमचा स्रोत असतो. अमेरिशियम निम्मे होण्यास सुमारे ४३२ वर्षे लागतात. नळी छिद्रात अडकून तुटली आणि काढता आली नाही, तर ते छिद्र सिमेंटने कायमचे बुजवून त्याची नोंद ठेवावी लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम यासाठी आहेत. पण अंतर्भागातील एखाद्या खेड्यात असे यंत्र आले तर तिथल्या सरपंचाला त्याची माहिती देण्याची प्रथा असावी, ही अपेक्षा गैर नाही. विजेवर चालणारे न्यूट्रॉन जनित्र हा अधिक सुरक्षित पर्याय आहे, कारण वीज बंद केली की न्यूट्रॉनही बंद होतात. ते महाग आहे.

आणि मिळालेली माहिती कोणाची? डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सर्वांसाठी खुले झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तेथील तांत्रिक इंग्रजी अहवालांचा एटापल्लीच्या ग्रामसभेला काय उपयोग? १९९६ च्या पेसा कायद्यान्वये अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजांसाठी ग्रामसभेची शिफारस अनिवार्य आहे; लोहासारख्या प्रमुख खनिजाच्या पट्ट्याबाबत त्या कलमात तशी सक्ती नाही. निदान आपल्या पायाखाली काय सापडले, एवढे दोन पाने मराठीत लिहून गावाला देण्यास कोणता कायदा आड येतो? मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा हिशेब ठेवून दाखविला आहे. खडकाचा हिशेब अशा गावांना कळणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

खनिजाची गोष्ट बाजूला ठेवली तरी ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या तालुक्यांत पाण्यासाठी सतत बोअर मारले जातात. गाडी येते, रात्रभर घरघरते, ‘काळा दगड लागला’ एवढे सांगून निघून जाते. कोणत्या खोलीवर कोणता खडक होता, याचा कागद कोठेही राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर आढळलेले आहे. त्याच्या तपासणीला अणुयंत्राची मुळीच गरज नाही, बाटलीभर पाणी पुरते. पण ते पाणी कोणत्या थरातून येते आणि तो थर बंद करून चांगल्या थराचे पाणी घेता येईल काय, हे मात्र छिद्राची नोंद असल्याखेरीज सांगता येत नाही. खडकाचे नैसर्गिक गॅमा किरण आणि विद्युतरोध मोजणारी साधी नळी त्यासाठी पुरेशी आहे. तिच्यात किरणोत्सर्गी स्रोत नसतो, आणि शंभर मीटरचे छिद्र ती थोड्या वेळात वाचते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत जमा होतो आणि पिण्याचे पाणी हा त्याच्या अग्रक्रमाचा विषय आहे. त्यातून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला प्रत्येक जिल्ह्यामागे अशी एक गाडी आणि ती चालविणारी दोन माणसे द्यावीत, आणि शासकीय खर्चाने पाडलेल्या कोणत्याही विंधन विहिरीचे देयक ही नोंद जोडल्याशिवाय मंजूर करू नये.