दहा दिवसांचे क्युरेटर

'क्युरेटर' या शब्दाला मराठीत 'अभिरक्षक' असा शासकीय प्रतिशब्द आहे; बोलताना तो सहसा कोणी वापरत नाही. मूळ लॅटिन शब्दात काळजी घेण्याचा जो अर्थ आहे, तो 'अभिरक्षक'मध्ये निदान शिल्लक तरी आहे. नवोदित क्युरेटरांसाठी आज जे अल्पमुदतीचे प्रशिक्षण-उपक्रम चालतात, त्यांच्या आखणीत मात्र तो कुठेच दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

निमित्त असे घडले. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच एका उपक्रमासाठी अर्ज केला. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. दहा दिवस, रोज तीन व्याख्याने, एक 'मेंटॉर' आणि अखेरीस दहा मिनिटांचे सादरीकरण. अर्जासोबत पाचशे शब्दांचे संकल्पना-टिपण हवे होते, अर्थातच इंग्रजीत. तिचा विषय होता प्रभाकर बरवे. मुलाखतीत तिला सैद्धान्तिक चौकट विचारली गेली, अपेक्षित प्रेक्षकवर्ग विचारला गेला. 'कोरा कॅनव्हास' वाचले आहे का, हे कोणी विचारले नाही. तिने ते दोनदा वाचले होते. निवड झाली नाही. सध्या ती तासिका तत्त्वावर शिकवते.

बरव्यांचे हे पुस्तक १९९० साली मराठीत निघाले. इंग्रजीत यायला त्याला वीसहून अधिक वर्षे लागली. म्हणजे एका महत्त्वाच्या आधुनिक चित्रकाराने आपल्या निर्मितिप्रक्रियेविषयी स्वतः लिहून ठेवलेला ऐवज इतका काळ केवळ मराठी वाचकालाच खुला होता. अशा भाषेचे ज्ञान ही क्युरेटरची पात्रता मानायची की उणीव?

संयोजकांची बाजू मला ठाऊक आहे. देणगीदाराला वर्षाअखेर अहवाल लागतो, अहवालात आकडे आणि छायाचित्रे लागतात, आणि दहा दिवसांत वीस जण 'घडवले' की दोन्ही मिळतात. पण ही हिशेबाची सोय झाली. ॲमस्टरडॅमच्या 'द अपेल' या संस्थेने १९९४ साली तरुण क्युरेटरांसाठी अभ्यासक्रम सुरू केला तो काही महिन्यांचा, आणि त्यात सहभागींनी मिळून प्रत्यक्ष काम उभे करायचे असे. फार दूर जायला नको. मुंबईतच भाऊ दाजी लाड संग्रहालयाने वर्षभराची पदव्युत्तर पदविका चालवली. कोचीच्या बिएनालेसोबत २०१४ साली सुरू झालेल्या 'स्टुडंट्स बिएनाले'त तरुण क्युरेटर देशभरातल्या सरकारी कला महाविद्यालयांत गेले. त्या प्रयोगातही दोष असतील. पण तिथे क्युरेटरला विद्यार्थ्यांची कामे त्यांच्याच आवारात जाऊन पाहावी लागली.

आणखी एक गोष्ट या व्याख्यानमालांत कधी येत नाही: निर्णय कोणाचा? फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्याच प्रदर्शनाचे उद्घाटन होते. अमोल पालेकर (ते स्वतः जे. जे.चे विद्यार्थी) स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल बोलू लागले आणि त्यांना मध्येच अडवण्यात आले. प्रदर्शन कोणते भरणार हे शहरातले कलावंत ठरवणार की मंत्रालय, हा प्रश्न त्या दालनात उघडपणे उभा राहिला. पंचविशीतल्या क्युरेटरला नोकरीच्या पहिल्याच वर्षी नेमक्या याच प्रश्नाशी गाठ पडते. त्या वेळी त्याच्यापाशी काय असते? एक प्रमाणपत्र, आणि 'नेटवर्किंग'च्या तासाला गोळा केलेली दहा-बारा कार्डे.

दोष सगळा संयोजकांवर ढकलून आपल्याला, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांना, मोकळे होता येणार नाही. आपण मर्ढेकरांचा लयसिद्धान्त शिकवतो, रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' संदर्भसूचीत घालतो. पण वर्गातल्या किती मुलांनी एखाद्या चित्रासमोर अर्धा तास काढलेला असतो? मी स्वतः सतरा वर्षांत विद्यार्थ्यांना फक्त दोनदा कलादालनात नेले आहे, आणि त्यातही एकदा सोमवार असल्यामुळे ते बंद होते. सौंदर्यशास्त्राचा इतका पाया असलेले विद्यार्थी संग्रहालयांकडे वळत नाहीत, यात आपलाही वाटा आहे.

तरीही वळू पाहणाऱ्याला दारातच अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. अभ्यासक्रमाची मुदत वाढवायला पैसे लागतात, हे मान्य. पण 'टिपण कोणत्याही भारतीय भाषेत चालेल' ही एक ओळ पुढच्या वर्षीच्या अर्जात घालायला किती खर्च येतो, तेवढे संयोजकांनी सांगावे.