काळ्या मेंदीचे झाड नसते

रविवारी सकाळी अनेक घरांत ठरलेले दृश्य दिसते. रात्री लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी, खांद्यावर जुना टॉवेल, डोक्याला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी आणि दोन-तीन तासांची सक्तीची विश्रांती. बाजारातील रासायनिक कलपाने डोक्याला खाज सुटते, म्हणून कुणी मेंदीकडे वळलेले असते. कुणाला पिढ्यान्‌पिढ्या हीच सवय असते. मात्र मेंदीने पांढरे केस केशरी होतात आणि तो रंग अनेकांना नकोसा वाटतो. मग किराणा दुकानातून ‘काळी मेंदी’चे पाकीट घरी येते. वरच्या चित्रात हिरवी पाने असतात, ‘हर्बल’ असा शब्द असतो आणि अर्ध्या तासात केस काळे होण्याची हमी असते. नेमका घोटाळा इथेच आहे.

मेंदीच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘लॉसोनिया इनर्मिस’. त्याच्या पानांत ‘लॉसोन’ हे रंगद्रव्य असते, तेही वाळलेल्या पानांच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्केच. पानांची पूड कोमट पाण्यात भिजवली, त्यात लिंबाच्या रसासारखे किंचित आंबट काही घातले की हे द्रव्य हळूहळू सुटते आणि केसातील केराटिन या प्रथिनाला चिकटते. म्हणून मेंदीचा रंग धुऊन लगेच जात नाही. मात्र लॉसोनचा रंग केशरी-तांबडा आहे. पाने राजस्थानातील सोजतची असोत की परसातल्या कुंपणाची, त्यातून काळा रंग निघू शकत नाही. शिवाय मेंदी केसांतील मूळचा रंग काढून टाकत नाही, त्यावर केवळ आपला थर चढवते. त्यामुळे काळ्या केसांवर फक्त तांबूस झाक येते आणि पांढरे केस केशरी होतात.

वनस्पतींपासून काळा रंग मिळतच नाही, असे मात्र नाही. त्यासाठी दुसरी वनस्पती लागते आणि ती म्हणजे नीळ. ज्या निळीच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध १९१७ मध्ये चंपारणचा सत्याग्रह झाला, तीच ही. तिच्या पानांची पूड हिरवट दिसते. पाण्यात कालवल्यावर पानांतील घटकाचे रूपांतर सुरू होते आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन निळा रंग तयार होतो. तांबड्यावर निळा चढला की काळा. म्हणून आधी मेंदी, ती धुतल्यावर नीळ, अशा दोन टप्प्यांत केस काळे होतात. दोन्ही एकत्र लावल्यास तपकिरी छटा येते. कपड्यांना घालायची दुकानातली नीळ ही वस्तू पूर्णपणे वेगळी आहे. ती केसांना लावण्याची नाही.

आवळा, शिकाकाई, माका, जास्वंद यांची नावे या संदर्भात हमखास येतात. त्यांपैकी आवळ्यातील टॅनिन लोखंडी कढईतील लोहाशी संयोग पावून गडद होते. आजीच्या कढईमागे एवढे रसायनशास्त्र नक्कीच होते. पण हा रंग वरवरचा असतो. चहा-कॉफीचे पाणी किंवा बीटचा रस तर दोन-चार धुण्यांत निघून जातो. पांढरा झालेला केस तेलाने किंवा लेपाने आतून पुन्हा काळा होतो, या दाव्याला भक्कम आधार नाही.

मग अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या पाकिटात असते तरी काय? बहुतेकदा त्यात मेंदीच्या पुडीबरोबर ‘पॅरा-फेनिलीन-डायअमाइन’, म्हणजेच ‘पीपीडी’ किंवा त्याच्या जातकुळीतील रसायन असते. बाजारातील बहुसंख्य कायमस्वरूपी काळ्या कलपांत तेच असते. या रसायनाचा वापर बेकायदा नाही आणि अनेकांना त्याचा त्रासही होत नाही. पण त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे ते एक नावाजलेले कारण आहे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये त्याला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले होते. युरोपीय संघात केसांच्या रंगातील त्याच्या प्रमाणावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे आणि थेट त्वचेवर वापरायला मनाई आहे. लग्नसराईत हातावर काढली जाणारी झटपट काळी मेंदी म्हणूनच अधिक धोकादायक ठरते.

या अ‍ॅलर्जीचा स्वभाव फसवा असतो. वर्षानुवर्षे काहीही न होता एके दिवशी कपाळ, कान, मान यांवर पुरळ उठते, पापण्या सुजतात, पाणी भरलेले फोड येतात. एकदा शरीर या रसायनाला असे ‘ओळखू’ लागले की ती संवेदनशीलता बहुधा जन्मभर टिकते. पुढे काही कपड्यांच्या रंगांनी किंवा काही बधिरीकरणाच्या मलमांनीही त्रास होऊ शकतो. हेच द्रव्य पोटात गेल्यास घशाला सूज येऊन श्वास अडतो, स्नायूंचा नाश होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून ही पाकिटे लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत.

कायदा याबाबत गप्प नाही. असे रंग असलेल्या उत्पादनावर इंग्रजी व स्थानिक भाषांत सावधानतेचा इशारा छापणे आणि आधी त्वचेवर चाचणी कशी करावी हे सांगणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. हे रंग भुवया आणि पापण्यांना लावू नयेत, हेही त्यात सांगावे लागते. पण पाकिटावर ‘हर्बल’ मोठ्या ठळक अक्षरांत आणि इशारा मुंगीच्या पावलाएवढा, तोही घडीच्या आत, असे असेल तर नियमाचे शब्द पाळले जातात आणि हेतू मरतो. ‘अमोनियामुक्त’ या शब्दानेही अशीच दिशाभूल होते. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही, असा होत नाही. आठवडी बाजारात सुटी विकली जाणारी पूड किंवा पार्लरमध्ये वाटीत कालवून आणलेला लेप यांवर तर कोणतेच लेबल नसते. दिवसभर हातमोज्यांशिवाय तो कालवणाऱ्या कामगार स्त्रियांचा विचार क्वचितच होतो.

घरी वनस्पतीजन्य रंग करायचा, तर वेळ द्यावा लागतो. पाकिटावरील घटकांत फक्त मेंदीची किंवा निळीची पाने असावीत. मेंदी काही तास भिजवावी आणि केसांवर दोन-तीन तास ठेवावी. नीळ मात्र भिजवून ठेवायची नाही. पाण्यात कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी. अंतिम छटा एक-दोन दिवसांत गडद होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी निराश होण्याचे कारण नाही. कोणताही रंग पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. वनस्पतीजन्य म्हणजे सर्वांना निर्धोक, असेही नाही. ‘जी६पीडी’ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांत, विशेषतः तान्ह्या मुलांत, मेंदीमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. अशा घरांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेंदी वापरू नये. पंचविशीच्या आतच केस भराभर पिकत असतील तर रंगाच्या आधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी अधिक उपयोगाची. अनेकदा कारण आनुवंशिकच निघते, पण उपचार होऊ शकणारे कारण रंगाखाली झाकले जाऊ नये.

केस काळे ठेवावेत की पांढरे मिरवावेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. रासायनिक रंग जाणूनबुजून निवडणाऱ्यालाही दोष देण्याचे कारण नाही. पण जो त्या रसायनापासून दूर जाण्यासाठीच मेंदीचे पाकीट विकत घेतो, त्याच्या हाती तेच रसायन हिरव्या वेष्टनात देणे ही फसवणूक आहे. ज्या पाकिटात पीपीडी आहे त्यावर ते नाव दर्शनी बाजूस, मराठीत, ‘मेंदी’ या शब्दाएवढ्याच आकारात छापण्याची सक्ती व्हायला हवी. अन्न व औषध प्रशासनाने सुट्या पुडीचे नमुने नियमित तपासून निष्कर्ष जाहीर केले पाहिजेत. तोवर ग्राहकाने एक साधी खूणगाठ बांधावी: जी मेंदी एकटीच अर्ध्या तासात केस काळे करते, ती निव्वळ मेंदी नव्हे.