भिंगापुढचं भिंग

घरातल्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा पडलाय का? बटण दाबलं की त्याची लेन्स नळकांड्यासारखी बाहेर येते. मुंगीचा मोठा फोटो हवा म्हणून मी एकदा तिच्यावर चक्क चिकटपट्टीनं भिंग लावलं. वजनानं आतली इवलीशी मोटर कुरकुरली, नि लेन्स अडकली ती अडकलीच!

कॅननच्या जी१२ (२०१०) सारख्या काही कॅमेऱ्यांत लेन्सभोवतीचं कडं निघतं. तिथं अडॅप्टरची नळी बसते. तिच्या तोंडाशी ५८ मिलिमीटरचे आटे असतात, त्यात क्लोज-अप भिंग फिरवून बसवायचं. भार कॅमेऱ्याच्या अंगावर, लेन्स आत मोकळी! फ्लॅश मात्र बंद ठेवा हं, नळीची सावली फोटोत पडते. मुंगीला दिवसाउजेडीच गाठा.