शिष्टाचार ग्राहकाचा, नफा मालकाचा

शहरी मध्यमवर्गाला अधूनमधून एखाद्या नव्या शिस्तीचा साक्षात्कार होत असतो. सध्या पाळी सेल्फ-चेकआउटची आहे. मोठ्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाने एकेक जिन्नस स्वतःच यंत्रापुढे धरावा, बारकोड वाचला गेल्याची खात्री करावी, माल स्वतःच पिशवीत भरावा, पैसे स्वतःच चुकते करावेत आणि दारावरच्या पहारेकऱ्याला पावती दाखवून बाहेर पडावे, अशी ही व्यवस्था आहे. परदेशात ती रुळून बराच काळ लोटला. आपल्याकडील महानगरांतल्या काही दुकानांत ती आली आहे. २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर भरलेले वसई-विरार शहर या व्यापाराच्या नजरेतून सुटेल, असे मानण्याचे कारण नाही.

यंत्राच्या आधी यंत्राचे शिष्टाचार मात्र येऊन पोहोचले आहेत. मोजकेच जिन्नस असतील तर या रांगेत उभे राहावे. पैशांचे कार्ड किंवा मोबाइल आधीच हातात काढून ठेवावा. बारकोड शोधत बसू नये. सोबतच्या मुलांना यंत्राला हात लावू देऊ नये. ज्यांना यंत्र जमत नाही अशा वयस्कांनी दुसरी रांग धरावी. मागच्याचा खोळंबा करू नये. यांतील एकेक नियम सुटा घेतला तर त्यात गैर असे काही नाही. दुसऱ्याच्या वेळेची कदर करावी, हे कोण नाकारील? परंतु ही नियमावली समग्र वाचली की एक गोष्ट नजरेत भरते. तीत दुकानाच्या मालकासाठी एकही नियम नाही. संध्याकाळच्या गर्दीत किती काउंटर उघडे असावेत, यंत्र अडले तर मदतीला माणूस किती वेळात यावा, चुकीची किंमत लागली तर भुर्दंड कोणी सोसावा, याविषयी या शिष्टाचारात अवाक्षर नाही. सारी शिस्त रांगेत उभ्या असलेल्याने पाळायची आणि त्या शिस्तीचे फळ रांगेबाहेरच्या तिसऱ्याने घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

स्थानकावरचा धडा

वसई-विरारच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांवर त्याने तिची रंगीत तालीम पाहिली आहे. तिकीटखिडकीपुढची रांग हटत नाही म्हणून एटीव्हीएम यंत्रे बसविण्यात आली. प्रवाशाने पडद्यावर स्वतःच स्थानक निवडावे, स्वतःच पैसे भरावेत आणि स्वतःच तिकीट काढून घ्यावे, अशी योजना होती. ज्याला ते साधले त्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु सर्वांना ते साधले नाही. मग यंत्रापाशी मदतनीस बसविण्याची पाळी आली. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना कमिशनवर नेमण्यात आले. प्रवासी स्थानकाचे नाव सांगतो, पैसे देतो; मदतनीस आपल्या कार्डाने यंत्रातून तिकीट काढून त्याच्या हातावर ठेवतो. माणूस नको म्हणून यंत्र आणले आणि यंत्र चालेना म्हणून पुन्हा माणूस आणला. फरक एवढाच की खिडकीआडच्या माणसाला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन होते. यंत्रापाशी बसलेल्याला तिकिटामागे कमिशन आहे. यंत्रीकरणाने श्रम नाहीसे झाले नाहीत, श्रमाचे हक्क तेवढे नाहीसे झाले.

दुसरा धडा याहून कडू आहे. यंत्रापुढे कोणी गोंधळला की मागचे लोक त्याच्यावर डाफरतात. बंद असलेल्या खिडकीवर कोणी डाफरत नाही, कारण तिथे डाफरून घ्यायला कोणी बसलेले नसते. हाच प्रकार गाडीत घडतो. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देण्याची रीत प्रवाशांनी स्वतः घालून घेतली आहे. रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात ती नाही. कष्टकऱ्यांनी टंचाई वाटून घेण्यासाठी निर्माण केलेला तो खरा शिष्टाचार होय. पण त्याच विरार गाडीत बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दारातली माणसे उतरू देत नाहीत, चढणाऱ्याला चढू देत नाहीत आणि प्रकरण हातघाईवर येते. गाड्या कमी आहेत, हा दोष बोरिवलीच्या प्रवाशाचा नाही आणि विरारच्या प्रवाशाचाही नाही. परंतु सोय अपुरी ठेवली की गरजवंत गरजवंताच्या अंगावर जातो आणि अपुरेपणाला जबाबदार असणारा नामानिराळा राहतो. दुकानातील नव्या रांगेचे राजकारण नेमके हेच आहे. थरथरत्या हाताने पिठाची पिशवी यंत्रापुढे धरणारी म्हातारी तिथे मागच्यांच्या रोषाचे लक्ष्य ठरते.

कार्यक्षमता कोणाची?

या व्यवस्थेचे समर्थन एका शब्दावर उभे आहे, तो म्हणजे कार्यक्षमता. अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही विचारील की कार्यक्षमता मोजताना खर्चाच्या बाजूला काय धरले? एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिले आहेत. २० जिनसांचे बिल करायला सरावलेल्या कॅशियरला २ मिनिटे लागतात. तेवढी २ मिनिटे ग्राहकही समोर उभा असतो. म्हणजे दोघांची मिळून ४ मिनिटे खर्ची पडली. आता हेच काम सराव नसलेला ग्राहक यंत्रावर ५ मिनिटांत करतो, आणि पाच यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे १ मिनिट त्याच्या वाट्याला येते. एकूण ६ मिनिटे झाली. मालकाच्या वहीत काय दिसेल? पूर्वी २ मिनिटांचा पगार द्यावा लागत होता, आता एका मिनिटाचा. खर्च निम्मा झाला. समाजाच्या वहीत काय दिसेल? ४ मिनिटांच्या जागी ६. खर्च दीडपट झाला. पहिल्या वहीला कार्यक्षमता म्हणायचे आणि दुसरी वही उघडायचीच नाही, असा हा हिशेब आहे.

इव्हान इलिच या विचारवंताने १९८१ साली ‘शॅडो वर्क’ या पुस्तकात अशा बिनमोबदला श्रमांकडे लक्ष वेधले होते. बाजारव्यवस्था चालण्यासाठी जे काम करावेच लागते, परंतु ज्याला काम म्हणून कोणी मोजत नाही, ते हे श्रम. घरातील बाईच्या श्रमांची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. आता दुकानातील कारकुनी श्रमही त्याच न मोजलेल्या राशीत ढकलले जात आहेत. आणि घरचे वाणसामान भरण्याचे काम आपल्याकडे बव्हंशी बाईच्याच माथी असल्याने हा नवा बोजाही तिच्याच खांद्यावर येणार, हे उघड आहे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की यंत्रांमुळे रांग तर लहान होते! रांग लहान होते ती बिल करण्याच्या जागा वाढल्या म्हणून. तेवढेच काउंटर माणसे नेमून उघडले तरी ती लहान होईल. मोठ्या दुकानात आठ काउंटर बांधलेले असतात आणि ऐन गर्दीत तीन चालू असतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शिवाय रांगांचे शास्त्र काही कालपरवाचे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन व्यवस्थेसाठी काम करताना ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली त्याचा पाया घातला. प्रत्येक काउंटरपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सर्वांची एकच सामाईक रांग केली तर हळू चालणाऱ्या एका गिऱ्हाइकामागे कोणी अडकून पडत नाही आणि प्रतीक्षेचा भार सर्वांत वाटला जातो, असे हे शास्त्र सांगते. त्यासाठी एक दोरी पुरते. तरीही यंत्रच हवे असेल, तर हेतू रांग कमी करण्याचा नसून पगारपत्रक कमी करण्याचा आहे, असाच निष्कर्ष निघतो.

यंत्र शत्रू नव्हे

समाजवाद्यांवर यंत्रविरोधाचा आरोप नेहमीच होतो. म्हणून हे स्पष्ट केले पाहिजे की प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्या मालकीचा आणि लाभाच्या वाटपाचा आहे. जुन्या वाण्याच्या दुकानाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. मापातला मारलेला हात, धान्यातले खडे आणि उधारीच्या वहीतले न संपणारे आकडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या काळाचे प्रेम वाटणार नाही. १९७२ साली मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा साठेबाज व्यापारीही त्यांचे लक्ष्य होते. क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस येथे ग्राहकाने स्वतः माल उचलून घेण्याचे पहिले दुकान काढले, तेव्हा ग्राहकाला वस्तू हातात घेऊन पाहण्याचे, किंमत वाचून निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. ते स्वागतार्हच होते. सेल्फ-चेकआउटने ग्राहकाला कोणते नवे स्वातंत्र्य दिले? त्याने केलेल्या कामाबद्दल बिलात एक रुपयाही कमी होत नाही. उलट दारावर पावती तपासून त्याच्या प्रामाणिकपणावर संशय तेवढा घेतला जातो.

ज्यांनी हे यंत्र आधी आणले त्यांचा अनुभवही बोलका आहे. इंग्लंडमधील बूथ्स या दुकान-साखळीने २०२३ साली आपल्या बहुतेक दुकानांतून ही यंत्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. अमेरिकेत डॉलर जनरल या कंपनीने २०२४ साली हजारो दुकानांतून ती हटविली. चोरी आणि मालाची तूट हे त्यामागचे कारण होते. नेदरलँड्समध्ये तर युंबो या साखळीने २०१९ पासून घाई नसलेल्यांसाठी, विशेषतः एकाकी वृद्धांसाठी, गप्पा मारत बिल करण्याचे वेगळे काउंटर सुरू केले. ज्या मालाचा पश्चिमेला फेरविचार करावा लागतो आहे, तो आपल्याकडे प्रगतीची खूण म्हणून मिरविला जावा, हे दुर्दैव होय.

यंत्राने श्रम वाचतात, तर त्या बचतीतून कामगाराचे तास कमी व्हायला हवेत. घडते आहे ते उलटेच. दुकाने व आस्थापनांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. एका हाताने काउंटरवरची मुलगी काढायची आणि उरलेलीला तासभर अधिक राबवायचे, असे हे दुहेरी धोरण आहे. त्या मुलींना बसायला स्टूल मिळावे एवढ्यासाठी केरळला २०१८ साली आणि तामिळनाडूला २०२१ साली कायदा दुरुस्त करावा लागला, यावरून दुकानदारीच्या आधुनिकतेची कल्पना यावी.

वेठ हा शब्द वसई तालुक्यात हलक्या तोंडाने उच्चारता येत नाही. येथील आदिवासींनी वेठबिगारी अंगावर सोसली आहे. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी त्यानंतरही तिच्या मुक्तीसाठी याच भागात संघर्ष करावा लागला. वातानुकूलित दुकानातील ग्राहकाची तुलना त्या वेठबिगाराशी करणे हा त्या संघर्षाचा अपमान ठरेल. परंतु मोबदला न देता काम करून घेणे आणि ते काम रीत म्हणून, सभ्यता म्हणून गळी उतरविणे, ही युक्ती मात्र जुनीच आहे, याचे भान येथील कार्यकर्त्यांना इतरांहून अधिक असावयास हवे.

स्वयंसेवेचा दुसरा मार्ग

ग्राहकाने स्वतः राबावे, ही कल्पना मुळातच वाईट आहे काय? मुळीच नाही. वसईच्या खाडीकाठच्या नव्हे, तर दादरजवळच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी सहकारी दुकान उभे केले; त्यातून पुढे अपना बाजार वाढला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे वैचारिक घराणे वेगळे, तरीही तिची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, माल घाऊक भावाने येतो आणि सभासदच त्याचे वाटप करतात. तिथेही ग्राहक बिनपगारी राबतो. परंतु त्याच्या श्रमाने वाचलेला पैसा त्याच्याच घरात राहतो. तिथेही वेळेवर यावे, दुसऱ्याचा खोळंबा करू नये, अशी शिस्त असते. परंतु ती सभासदांनी परस्परांसाठी घालून घेतलेली असते. श्रम तेच, शिस्त तीच. मालकी बदलली की एकीचे नाव सहकार होते आणि दुसरीचे शोषण.

वसई-विरारमधील कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. जिथे यंत्र बसेल तिथे गर्दीच्या वेळी माणसांनी चालविलेले पुरेसे काउंटर उघडे राहिलेच पाहिजेत. यंत्र वापरणे ऐच्छिक असले पाहिजे. रोख पैसे घेणारा एक तरी काउंटर असला पाहिजे. ग्राहकाने काम केले तर बिलात सूट मिळाली पाहिजे. आणि यंत्रामुळे एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाता कामा नये. या मागण्या दुकान उघडल्यानंतर नव्हे, उघडण्यापूर्वी मांडावयाच्या आहेत. त्यासाठी ग्राहक आणि कर्मचारी या दोघांना एका सभेत बसवावे लागेल, कारण काउंटरच्या अलीकडची बाई आणि पलीकडची मुलगी बहुधा नालासोपाऱ्याच्या एकाच चाळीत राहतात.

तोवर रांगेत पुढचा माणूस अडखळला तर त्याच्यावर डाफरू नये; त्याला हात द्यावा आणि मग दोघांनी मिळून व्यवस्थापकाला बोलावून विचारावे की बंद काउंटर कधी उघडणार?