दावा कोणावर आणि किती मुदतीत?

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईंचे बाळंतपण झाले आणि तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली. त्या वेळी पोटात टॉवेल राहिला. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडून तो काढण्यात आला, पण २४ जुलैला त्या दगावल्या. घरच्यांनी लावलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

शासनाची भिस्त 'सॉव्हरिन इम्युनिटी'वर, म्हणजे राज्यकारभाराच्या कामासाठी शासनावर दावा चालत नाही या जुन्या तत्त्वावर होती. 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते अमान्य केले. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम काम नव्हे, आणि नोकराच्या हलगर्जीपणाची भरपाई मालक म्हणून शासनाने द्यायची, असे ठरले. ३६ हजार पुन्हा मंजूर झाले, तेहतीस वर्षांनी.

म्हणजे तत्त्वाची भिंत पडली आहे. आता अडतात ती कुंपणे, आणि दारावर पाटी कोणाची यावर ती बदलतात.

पुण्यात ससून राज्य शासनाचे, तर मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचे. शासनावर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मृत्यूबद्दल वारसांना भरपाई मागायची, तर मुदत दोन वर्षांची. महापालिकेला मात्र १९४९ च्या महापालिका अधिनियमातले कलम ४८७ आहे: या कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा, तर आधी महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. घरात सुतक फिटून माणसे सावरतात, कागद गोळा करतात, वकील गाठतात, तोवर यातले बरेचसे महिने गेलेले असतात.

ग्राहक आयोगाचा रस्ता सोपा, पण सर्वांना खुला नाही. १९९५ च्या 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' निकालानुसार जिथे सर्वांवर पूर्ण मोफत उपचार होतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. केसपेपरच्या नाममात्र शुल्काने यात फरक पडत नाही. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक.

डॉक्टरवर फौजदारी कारवाईची पायरी आणखी उंच आहे. २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाने त्यासाठी घोर हलगर्जीपणा लागतो असे सांगितले, आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे असेही. हे रास्त वाटते. एकेका वॉर्डात गर्दी उपसणारा निवासी डॉक्टर अटकेच्या धाकाखाली असेल, तर अवघड रुग्णाला हात लावायला तो कचरेल.

पण हे कारण महापालिकेच्या सहा महिन्यांना लागू होत नाही. तिथे मुख्यतः तिजोरीला संरक्षण मिळते, आणि तेही एकाच शहरातल्या दुसऱ्या सार्वजनिक रुग्णालयापेक्षा जास्त. मृत्यूच्या दाव्यांना तरी कलम ४८७ मधून वगळून दोन वर्षांची मुदत द्यावी. ती दुरुस्ती विधिमंडळाच्या हातात आहे. तोवर महापालिकेला स्वतःहून एक करता येईल: डिस्चार्ज कार्डावर नोटिशीचा पत्ता आणि मुदत मराठीत छापावी.